वायफायच्या चिन्हाचं कार्ड: टॅप कसं करायचं, आणि घाबरायचं कुठं

बेळगावात खडेबाजारच्या बाजूला आमचं मोबाईल रिपेरिंगचं छोटं दुकान आहे. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग पिन असली कामं, खरं गेली दोन-तीन वर्षं लोक मोबाईलपेक्षा एटीएम कार्डच जास्त काढून दाखवतात बघा. "ह्याच्यावर वायफायचं चिन्ह आहे, हे काय असतंय?" "हे नुसतं खिशात असलं तरी पैसे जातात म्हणे?" "कोल्हापुरात चाललं, इथं का चालेना झालंय?" तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. लांबलंय जरा, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे ते वायफाय नाही. त्या चार आडव्या कमानी म्हणजे कॉन्टॅक्टलेसचं चिन्ह, कार्ड आत न घालता नुसतं जवळ धरून पैसे द्यायचे, त्यालाच टॅप म्हणतात. ते कार्डावर असलं की कार्ड टॅपचं, आणि तेच दुकानातल्या कार्डाच्या मशीनवर असलं की मशीन टॅपची, दोन्हीकडं पाहिजे. कार्डावर नसेल तर कितीही घासा, काही होत नाही, बँकेत जाऊन नवीन कार्ड मागायचं एवढंच. इंटरनेटचा कार्डाशी काही संबंध नाही, नेट लागतं ते मशीनला.

मागच्या शनिवारी खानापूरहून आमची आत्या बाजाराला आली होती. गणपत गल्लीत साड्या घेतल्या, आणि पैसे द्यायच्या वेळी कार्ड टॅपच होईना, मशीन नुसती टूं टूं करालीय, मागं लाईन लागलेली. शेवटी कॅश देऊन आली आणि दुकानात येऊन कार्ड माझ्या टेबलावर आपटलं. "हे बघ रे, मेलं बंद पडलंय." मी म्हटलं आत्या, थांब की, तू टॅप कसं केलीस ते दाखव आधी. तिनं मोबाईल उचलला, मागच्या कव्हरात खोचलेलं कार्ड तसंच कव्हरासकट पुढं केलं. आणि त्या कव्हरात एक नाही, दोन कार्डं! एक पगाराच्या खात्याचं, एक सोसायटीच्या कर्जापायी उघडलेल्या खात्याचं. दोन्ही टॅपची. मशीनला एकाच वेळी दोन कार्डं उत्तर देऊ लागली की ती गोंधळून नाही म्हणते, आणि ते चांगलंच आहे, नाहीतर कुठल्या खात्यातनं पैसे जातील ते देवालाच माहीत. कार्ड एकटं बाहेर काढायचं, हे पहिलं.

मग तिला मी एक गंमत दाखवली. दुकानातला जोराचा टॉर्च कार्डाच्या मागनं लावला. सगळ्या कार्डांत दिसत नाही, जाड रंगाच्या किंवा मेटलच्या कार्डात तर नाहीच, खरं तिच्या कार्डात दिसलं: कडेकडेनं केसासारख्या बारीक तारेचे चार-पाच वेढे फिरलेत आणि ते सोनेरी चिपपाशी येऊन मिळालेत. हा अँटेना. म्हणून सांगतो, किल्लीच्या जुडग्यात अडकवायला कार्डाला भोक पाडू नका. एका पोरानं तसं केलेलं, आत घालून पिन टाकून कार्ड व्यवस्थित चालायचं, टॅप मात्र मेलं ते मेलंच, कारण तार तुटली की.

कार्डात बॅटरी नसते. मग चालतंय कसं? घरातली इंडक्शन शेगडी बघा, शेगडीच्या काचेला स्वतःची धग नसते, वर भांडं ठेवलं की भांड्यातच उष्णता तयार होते, भांडं उचललं की संपलं. तसंच मशीन १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडत असते, कार्डाची तार जवळ आली की तिच्यात थोडीशी वीज तयार होते, तेवढ्यावर चिप जागी होते, मशीनशी बोलते आणि परत झोपते. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आसपास. अंतर साधारण चार सेंटिमीटर, म्हणजे दोन-तीन बोटं. म्हणून मशीनवर कार्ड घासायचं नाही, आपटायचं नाही, हवेत ओवाळायचं तर अजिबात नाही. चिन्ह असेल तिथं सपाट धरायचं, बीप वाजेपर्यंत हलवायचं नाही. काही मशीनवर चिन्ह स्क्रीनवर असतं, काहींच्या डोक्यावर, काहींच्या बाजूला, आणि निम्म्या वेळा लोक चुकीच्या जागी धरून कार्डाला शिव्या देतात.

आता तो कोल्हापूर-बेळगावचा प्रश्न. एका बँकेचं कार्ड दुसऱ्याच बँकेच्या मशीनवर, तेही दुसऱ्या राज्यात, कसं चालतंय? उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम करणाऱ्याला हे समजावायला नको. आट्याचं माप ठरलेलं असलं की बोल्ट कुठल्या का शॉपमधला असेना, नट बसतोच. इथंही मापं ठरलेली आहेत. सोनेरी चिप मशीनमध्ये घालायची तर आयएसओ ७८१६, बिनतारी टॅप करायचं तर आयएसओ १४४४३, आणि त्याच्यावर पैशाची बोलणी कशी करायची ते ईएमव्ही. ईएमव्ही म्हणजे युरोपे, मास्टरकार्ड, व्हिसा ह्या तिघांची आद्याक्षरं, १९९९ पासून ते सांभाळायला ईएमव्हीको नावाची वेगळी संस्था आहे. आपलं रुपे पण त्याच पद्धतीवर चालतंय. म्हणून निपाणीच्या पंपावर, कागलच्या हॉटेलात आणि पणजीच्या दुकानात तेच कार्ड तसंच चालतं, मशीन विचारत नाही तुम्ही इकडचे की तिकडचे. आपल्याला आयुष्यभर तोच प्रश्न विचारलेला, त्यामुळं मला ह्याचं जरा जास्तच कौतुक वाटतं, असू दे.

ही मापं खुली आहेत म्हटलं की लोक दचकतात. "खुली म्हणजे चोराला पण माहीत की!" होय, माहीत आहेत. कुलूप कसं बनवलंय ते सगळ्यांना माहीत, किल्ली मात्र प्रत्येक चिपमध्ये वेगळी आणि बाहेर काढता येत नाही अशी. उलट गुपित ठेवलेल्याचं काय झालं ते बघा. मायफेअर क्लासिक नावाची चिप जगभरच्या बसच्या कार्डांत आणि ऑफिसच्या दारांवर होती, तिची आतली रीत कंपनीनं झाकून ठेवलेली, २००८ मध्ये संशोधकांनी ती उलगडून सगळी कुलपं उघडून दाखवली. त्यानंतरच २०१० मध्ये चिप आणि कार्ड बनवणाऱ्या काही कंपन्यांनी मिळून प्रवासाच्या कार्डांसाठी सायपर्स नावाचं खुलं माप काढलं. जे दहा जणांनी ठोकून बघितलंय तेच टिकतंय, आमच्या रिपेरिंगच्या धंद्यातही तसंच आहे.

आणि चोरानं मधनं ऐकलं तर? ऊस घालणाऱ्यांना पटकन कळेल. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक खेपेला नवीन नंबरची पावती मिळते, कालची पावती आज परत दाखवून बिल मिळत नाही. चिप पण प्रत्येक टॅपला एक नवीन सही केलेला कोड तयार करते, आत एक मोजणी चालू असते, ती दरवेळी एकनं वाढते. मधल्यामध्ये कुणी तो कोड पकडला तरी दुसऱ्यांदा वापरला की बँक फेकून देते. कार्डामागची जुनी काळी पट्टी मात्र दरवेळी तेच तेच बोलायची, म्हणूनच तिच्या नकला व्हायच्या आणि म्हणूनच रिझर्व्ह बँकेनं २०१८ च्या शेवटपर्यंत सगळी कार्डं चिपची करायला लावली.

चला, आता करायचं कसं ते. नवीन कार्डावर टॅप बहुतेक वेळा बंदच येतं, बिघाड नसतो तो. २०२० पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं नवीन कार्ड देताना फक्त देशातलं एटीएम आणि मशीन चालू ठेवायचं, टॅप, ऑनलाईन आणि परदेशी व्यवहार आपण होऊन चालू करायचे. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जावा, तिथं कॉन्टॅक्टलेस किंवा टॅप अँड पे असं बटण असतंय, ते चालू करा. ॲप नसेल तर एटीएमच्या मेनूत किंवा बँकेच्या फोनवर पण होतं. त्याच पानावर मर्यादा टाकता येते. बिनपिनचं जास्तीत जास्त एका वेळी ५,००० रुपये, आधी ते २,००० होतं, १ जानेवारी २०२१ पासून वाढवलं. खरं तुम्हाला पाच हजाराची गरज आहे का ते बघा. आमच्या आत्याला मी हजार लावून दिलेत, किराणा आणि औषधाला पुष्कळ झाले, त्याच्या वरचं असेल तर पिन टाकू दे की, बोटं झिजत नाहीत. आणि त्याच पानावर परदेशी व्यवहाराचं बटण बंद आहे ना ते नक्की बघा, का ते पुढं सांगतो. हे सगळं करूनही पहिलं टॅप होत नसेल तर एकदा कार्ड आत घालून पिननं व्यवहार करा, काही बँकांची कार्डं त्याशिवाय टॅपला जागी होत नाहीत.

दुकानात नियम एकच, रक्कम आधी डोळ्यानं वाचायची, मग कार्ड पुढं करायचं. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. एका हॉटेलात आम्ही चौघं जेवलो, बिल ४५०, पोरानं घाईत ४,५०० मारले, मी गप्पा मारत मारत टॅप केलं, बीप वाजलं, झालं. पिन विचारली असती तर स्क्रीन बघितली असती, इथं बघायला लावणारं कुणी नाही. बाहेर आल्यावर मेसेज वाचला तेव्हा पोटात गोळा आला. लगेच परत गेलो म्हणून वाचलं, त्याच दिवशी हिशेब बंद व्हायच्या आत दुकानदाराला मशीनवरनं व्यवहार रद्द करता येतो, त्याला व्हॉइड म्हणतात. दुसऱ्या दिवशी गेलो असतो तर रिफंडच्या मागं फिरायला लागलं असतं. आणि कार्ड आपल्याच हातात ठेवायचं. टॅपचा अर्धा फायदा तोच आहे, कार्ड काउंटरच्या पलीकडं जायचं कारणच उरत नाही. "द्या इकडं, मी करतो" म्हटला तर म्हणायचं मशीन इकडं कर.

मोबाईलवरनं टॅप करायचं तर फोनमध्ये एनएफसी पाहिजे, म्हणजे कार्डासारखं जवळनं बोलायची सोय. सेटिंगमध्ये वर शोधायची जागा असते तिथं एनएफसी टाईप करा, आलं तर आहे, नाही आलं तर नाही, आणि दहा-बारा हजाराच्या बऱ्याच फोनमध्ये नसतंय. आमच्याकडं "सॉफ्टवेअर टाकून एनएफसी आणून द्या" म्हणून येतात, ते सॉफ्टवेअरनं येत नाही, तार आणि चिप आतच पाहिजे. ही तार बहुतेक फोनमध्ये मागच्या झाकणाला किंवा कॅमेऱ्याजवळ असते, त्यामुळं स्वस्तातलं मागचं पॅनल बदललं की कधी कधी एनएफसी गेलेलं असतं, आणि पाठीमागं लोखंडी रिंग किंवा गाडीच्या होल्डरची पत्र्याची चकती चिकटवली असेल तरी लहरी अडतात. दोष फोनचा नाही, चकतीचा.

एनएफसी असेल तर गुगल पे किंवा सॅमसंग वॉलेटमध्ये कार्ड टाकायचं, ओटीपी यायचा, झालं. सगळ्या बँकांची कार्डं चढत नाहीत, तुमचं चढत नसेल तर गप्प कार्डच वापरा. खरं चढलं तर कार्डापेक्षा फोन जास्त सुरक्षित, हे माझं ठाम मत. कारण फोनमध्ये तुमचा खरा कार्ड नंबर जातच नाही, त्याच्या जागी दुसराच एक नंबर तयार होतो, टोकन म्हणतात त्याला, तो फक्त त्याच फोनवर चालतो. शिवाय फोन अनलॉक केल्याशिवाय पैसे जात नाहीत, कार्डाला कुठलं आलंय लॉक. मात्र फोनला पॅटर्न ठेवून तो आख्ख्या घराला सांगितला असेल तर मग बोलायलाच नको.

आता ते खिशातनं पैसे जायचं. गर्दीत कुणी मशीन चिकटवून पैसे ओढेल का? तांत्रिकदृष्ट्या होऊ शकतं, खरं त्या माणसाकडं बँकेनं कागदपत्रं बघून दिलेली मशीन पाहिजे, तिला जोडलेलं खातं पाहिजे, म्हणजे चोरानं स्वतःचं नाव-पत्ता देऊन चोरी करायची. त्यात दोन बोटांचं अंतर, आणि तुमची मर्यादा हजाराची. एवढं करण्यापेक्षा तो फोन करून तुमच्याकडनं ओटीपी काढून घेईल, सोपं पडतं त्याला, आणि खरी लूट तिथंच होतेय. हां, एक गोष्ट मात्र खरी आहे, एनएफसीच्या फोननं कार्डाचा नंबर आणि मुदत वाचता येते. मागचा तीन आकडी सीव्हीव्ही वाचता येत नाही. आपल्याकडच्या वेबसाईटला ओटीपी लागतो, परदेशातल्या काही साईटना लागत नाही, म्हणून वर म्हटलं परदेशी बटण बंद ठेवा. पाचशे-सातशेचं ब्लॉकिंग पाकीट घ्यायची गरज नाही, एवढीच भीती असेल तर चपातीच्या डब्यातली ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळा, तेच काम करते.

पुण्याला किंवा बेंगळुरूला पोरं असलेल्यांसाठी वेगळं सांगतो, आणि आपल्यात अशी घरं थोडी नाहीत, एक पोरगा इकडं, एक पोरगी तिकडं. कार्डावर एनसीएमसीची खूण बघा. नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, मार्च २०१९ मध्ये आलं. आधी प्रत्येक मेट्रोचं आपलं आपलं कार्ड, पुण्याचं पुण्यात, बेंगळुरूचं बेंगळुरूत, आणि दोन्हीत शे-दीडशे रुपये अडकून कपाटात पडलेले. एनसीएमसी एकच घ्यायचं, पुणे मेट्रोतही चालतं आणि बेंगळुरूच्या नम्म मेट्रोतही.

ह्यात सगळ्यांची गोची होते ती एका जागी. ह्या कार्डात पैशाचे दोन कप्पे असतात. एक बँकेकडचा, नेहमीचा, आणि दुसरा खुद्द चिपमध्ये लिहिलेला, त्यात २,००० रुपयांपर्यंतच ठेवता येतात. मेट्रोचं गेट सर्व्हरला विचारत बसत नाही, मागनं लोंढा येत असतो, ते सरळ चिपमधले पैसे कापतं. म्हणून बँकेत पन्नास हजार असले तरी चिपमधला कप्पा रिकामा असेल तर गेट उघडत नाही. बरं, ॲपवरनं त्या कप्प्यात पैसे टाकले तरी ते लगेच चिपमध्ये उतरत नाहीत, स्टेशनवरच्या मशीनला कार्ड लावून बॅलन्स अपडेट करून घ्यायला लागतं, तेव्हा ते आत लिहिले जातात. आमचा एक मित्र पुण्यात स्टेशनवर अर्धा तास भांडला, "पैसे टाकलेत, मेसेज दाखवतो", आणि कार्ड एकदाही मशीनला लावलेलं नाही. आणखी एक, हे चिपमधले पैसे म्हणजे रोख. कार्ड हरवलं तर बँक कार्ड बंद करेल, चिपमधले पैसे गेले समजायचे. म्हणून तिकिटापुरतेच ठेवा. आत्या ऐकून म्हणाली, "मला कशाला रे हे, मला इकडच्या बसला फुकट आणि तिकडच्या एसटीत अर्धं तिकीट." शक्ती योजना आणि सीमेपलीकडची महिला सवलत, दोन्ही पाठ आहेत तिला, तिच्यापुढं कुठलं कार्ड टिकणार.

फास्टॅग ह्यातला नाही, तेही सांगून टाकतो. कोगनोळी नाक्यावर काचेवरचा टॅग लांबनं वाचला जातो कारण तो वेगळ्या, जास्त फ्रिक्वेन्सीवर चालतो. तो बघून लोकांना वाटतं टॅपचं कार्ड पण असंच लांबनं वाचत असतील. नाही वाचत.

दुकानदारांनो, तुमचं दोन शब्दांत. वेगळी मशीन परवडत नसेल तर एनएफसीचा अँड्रॉईड फोनच मशीन बनवायची सोय आहे, सॉफ्टपॉस म्हणतात, बँकेकडं विचारा. रुपे डेबिट आणि यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागं कापलं जाणारं कमिशन, शून्य. व्हिसा-मास्टरकार्डच्या डेबिटवर, वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्याच्या वर ०.९० टक्के. क्रेडिट कार्डाचा दर वेगळा आणि जास्त. तेव्हा डेबिट कार्ड बघून "दोन टक्के एक्स्ट्रा पडतील" म्हणणं बंद करा, नियमातही बसत नाही आणि हिशेबातही. गिऱ्हाईकांनीही हे लक्षात ठेवा, आणि नम्रपणे विचारा, कुठल्या दराचे दोन टक्के म्हणून.

कार्ड हरवलं किंवा न केलेल्या व्यवहाराचा मेसेज आला तर आधी ॲपमधनं ब्लॉक, मग बँकेला फोन, तक्रारीचा नंबर लिहून घ्यायचा, आणि फसवणूक असेल तर १९३० ह्या सायबर हेल्पलाईनवर पण कळवायचं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणं चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी केलं असेल, आणि मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर काही येत नाही. उशीर केला की थोडं थोडं आपल्या माथी यायला लागतं. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना निदान बँकेच्या इंग्रजी मेसेजमधला "डेबिटेड" हा शब्द तरी ओळखायला शिकवा. आत्याला मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलाय, तिनं तो देवघराशेजारी चिकटवलाय.

काही अडलं तर कार्ड घेऊन दुकानात या, टॉर्च लावून तार पण दाखवतो. फक्त पिन सांगू नका. गेल्या महिन्यात एक काका आले, मी म्हटलं काका पिन मला सांगू नका हां, तर म्हणाले, "सांगत नाही की बाबा, कव्हरवरच लिहिलीय, तूच बघ."